ब्रिटन म्हणजे इंग्लंड नव्हे!

आपली अनेक मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी ब्रिटनला जातात. काही तिथेच स्थायिक होतात आणि मग नागरिकत्वासाठी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटे, १८ उत्तरे बरोबर हवीत. त्यातला देशाच्या नावांचा भाग घोकून मोकळे होण्याची पद्धत आहे. आमचा आक्षेप या घोकंपट्टीला आहे.

मराठीत आपण इंग्लंड, ब्रिटन, विलायत सगळे एकाच पोत्यात भरतो. 'इंग्लंडची राणी' असे आजही सर्रास लिहिले जाते. वास्तविक १७०७ पासून एकट्या इंग्लंडचे असे सिंहासनच उरलेले नाही. त्या वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदांनी करार मंजूर करून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य केले. वेल्सला कोणी विचारलेच नाही. सोळाव्या शतकातच ते इंग्लंडने कायदा करून गिळले होते. युनियन जॅकवर वेल्सची खूण नाही ती त्यामुळेच. १८०१ मध्ये आयर्लंड जोडून युनायटेड किंग्डम झाले. १९२२ मध्ये बहुतांश आयर्लंड बाहेर पडले, मागे राहिले उत्तर आयर्लंड. तरी 'ब्रिटिश आइल्स' म्हणताना स्वतंत्र आयर्लंडही त्यात ओढले जाते. आयर्लंडचे सरकार तो शब्द वापरत नाही. का वापरावा?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत 'युनियन' या एका शब्दाचा खुलासा केला होता. भारतीय संघ घटकराज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी सांगितले. करारातून आलेल्या स्कॉटलंडमध्ये मात्र २०१४ साली वेगळे होण्यावर सार्वमत झाले. दोन्हीकडे शब्द 'युनियन'च!

आणि हा प्रश्न नुसता इतिहासाचा नाही. तिथला २०१० चा समता कायदा जवळजवळ सगळा ग्रेट ब्रिटनपुरता आहे. उत्तर आयर्लंडचे भेदभावविरोधी कायदे वेगळे आहेत. या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने न्यायालयीन निवाडे पुरेसे आहेत असे म्हणत अंग काढून घेतले. उद्या ही मागणी मान्य झाली, तरी बेलफास्टमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला तिचा आपोआप लाभ होणार नाही. त्याच्यासाठी निवेदन कोणत्या विधिमंडळाकडे द्यायचे, हे तिथल्या आपल्या संघटनांनी आत्ताच ठरवले पाहिजे.