परसातली भाजी मृगापर्यंत पुरवा



माघ सरत आला की परसबागेत भाजी एकदमच येते. मेथीचा वाफा भरून जातो, टोमॅटो रोज टोपलीभर निघतात. घरात खाऊन, शेजारी वाटूनही उरते. बाजारात न्यावी तर त्या दिवसांत भाव नसतो, मग ती गुरांपुढे जाते. आणि त्याच घरात वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेले की मुलांच्या ताटातली भाजी विकत आणावी लागते. ही तूट भरून काढणे आपल्या हातात आहे.

मी पुण्यात कोथरूडला राहतो. एकेकाळचे हे शेतीचे गाव आज इमारतींनी भरले आहे. तरी आम्ही चार घरांनी गच्चीवर भाजी लावली आहे आणि तिथेच वाळवण घालतो. पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. हाताला कोरडी लागली म्हणून मेथी मी घाईने डब्यात भरली. वीस दिवसांनी उघडली तर बुरशीचा वास! सारी फेकावी लागली. घरच्यांचे दोन दुपारचे निवडण्याचे कष्टही वाया गेले.

असे का झाले? पालेभाजीत शेकडा 85 ते 90 भाग पाणी असते. दहा किलो पाने वाळून जेमतेम एक-दीड किलो उरतात. पान वरून कोरडे दिसते, पण देठात ओल राहते, आणि तीच घात करते.

म्हणून मेथी कोवळी असतानाच कापा. धुऊन, निथळून, पाने खुडून वाऱ्याच्या जागी सावलीत पातळ पसरा. कडक उन्हात पानांचा रंग उडतो आणि डोळ्यांना उपयोगी असे सत्त्वही कमी होते. मुठीत चुरली की लगेच भुगा झाला पाहिजे.

पुढे गवार सुरू झाली की कोवळ्या शेंगा मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवा, लगेच गार पाण्यात काढा आणि मग उन्हात घाला. याने रंग व चव टिकते. शेंग कट्कन मोडली की वाळली समजा. टोमॅटोच्या पातळ चकत्यांना मीठ लावून त्या कडक होईपर्यंत वाळवा. वाळवण बाजेवर, मलमलीखाली घाला म्हणजे माशा व धूळ लागणार नाही. संध्याकाळी न विसरता आत घ्या, नाहीतर रात्रीच्या दवाने दिवसाचे काम फुकट जाते.

आता खरी परीक्षा. वाळवण गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैल भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून ओल धरली तर सारे बाहेर काढून पुन्हा वाळवा. एवढे मी केले असते तर माझी मेथी वाचली असती.

दोन गोष्टी मात्र टाळा. बुरशी आलेले वाळवण धुऊन किंवा पुन्हा ऊन दाखवून खाऊ नका. काही बुरशींचे विष शिजवल्यानेही जात नाही. आणि उकडलेली भाजी पाण्यासकट हवाबंद बाटलीत भरून ठेवण्याचा प्रयोग घरी करू नका. त्यात जिवावर बेतणारे विष तयार होऊ शकते, आणि ते वासावरून कळेलच असे नाही.

वाळलेली मेथी थालीपिठात किंवा वरणात घाला. गवार कोमट पाण्यात भिजवून शिजवा. वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरेचसे जाते, म्हणून ताटात लिंबाची फोड असू द्या.

या आठवड्यात सगळी बाग वाळवायला घेऊ नका. मेथीचा एकच वाफा घ्या आणि एकच बरणी नीट भरा. मृगाच्या तोंडावर ती उघडाल तेव्हा माघातल्या कष्टाचे चीज झालेले दिसेल.