टॉवरवर राग, फोनशी सलगी

गावात मोबाईल टॉवरचा पाया खणला जायचा अवकाश, निवेदन तयार असते: लहरींनी कॅन्सर होतो, टॉवर हलवा. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने तर टॉवरविरोधात ठरावच केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो रद्द केला. टॉवरच्या लहरी आरोग्याला घातक असल्याचा पुरावाच समोर नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

विरोधकांचा भक्कम मुद्दा एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातल्या. खरे आहे. पण त्याचा मुख्य आधार होता कानाला फोन लावून वर्षानुवर्षे बोलणाऱ्यांची पाहणी, टॉवरशेजारी राहणाऱ्यांची नव्हे. पुढे त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला! आणि संघटनेनेच करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाईल वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

तरीही सावध राहायचेच असेल, तर जागा ओळखून राहावे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. टॉवर दूर राहतो, फोन कानाला टेकलेला असतो. शिवाय रेंज कमी असली की फोन स्वतःच जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर गावाबाहेर घालवणारा डोक्याजवळच्या लहरी वाढवून घेतो.

माधवनगरच्या यंत्रमागांकडे पाहा. शेडचा पत्रा लहरी अडवतो आणि मागांच्या खडखडाटात बोलणे कळावे म्हणून कामगार फोन कानात खुपसतो. टाळायचे ते हे. (त्या खडखडाटाने बहिरेपण येते हे तर सिद्धच आहे, त्याविरुद्ध निवेदन निघाल्याचे मात्र ऐकिवात नाही.) बाहेर येऊन, इयरफोन लावून बोलावे, एवढा साधा उपाय.

नियमही ढिले नाहीत. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठरवली गेली. फोनसाठी ती एक ग्रॅम ऊतीवरील सरासरीने १.६ वॅट प्रतिकिलो आहे; बहुतेक फोनवर *#०७# दाबले की आपल्या फोनचा आकडा दिसतो. कंपनी नियम पाळते का, ही शंका रास्त आहे. ती फेडण्यासाठी केंद्राच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर शुल्क भरून टॉवरची मोजणी मागता येते.

म्हणून पुढच्या निवेदनात ‘टॉवर हलवा’ खोडा. ‘मोजणी करा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा’ एवढे लिहा, आणि खुशाल सह्या करा.