डिस्क आजारी पडते तेव्हा



दिवाळीच्या वहीपूजनात आपल्या पेढ्यांवर आजही लाल कापडात बांधलेली वही पाटावर ठेवली जाते. मात्र दुसऱ्या दिवसापासून काम चालते ते संगणकावर. रोजमेळ, खतावणी, मालाचा साठा, जीएसटीची बिले आणि सर्वांत नाजूक अशी उधारीची यादी, हे सारे तळहाताएवढ्या एका धातूच्या डबीत साठवलेले असते. तिला आपण हार्ड डिस्क म्हणतो. दुकानाचा विमा उतरवला जातो आणि तिजोरीची किल्ली दोघांकडे ठेवली जाते. या डबीच्या प्रकृतीची विचारपूस मात्र ती बंद पडेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. म्हणून या वेळच्या सदरासाठी हा विषय घेतला आहे.

डबीच्या आत काय असते?

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. एका मोठ्या कपाटाएवढी जागा तिला लागे. आजची डिस्क लहान झाली असली तरी मूळ रचना तीच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून लिहिणारी-वाचणारी सूक्ष्म शीर्षे काही नॅनोमीटर अंतर राखून सरकत असतात. हे अंतर इतके अल्प असते की धुळीचा एखादा कणही त्यात मावत नाही. चालू संगणकाला बसलेला धक्का, अचानक गेलेली वीज आणि वर्षानुवर्षांची झीज या तिन्ही गोष्टी या रचनेला मारक ठरतात.

तबकडीवरची जागा छोट्या-छोट्या खणांत विभागलेली असते. या खणाला सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर खराब झाला तर त्याच्या जागी वापरता यावेत म्हणून कारखान्यातच काही राखीव सेक्टर ठेवलेले असतात. ही राखीव रक्कम मर्यादित असते, हे लक्षात ठेवावे.

लक्षणे

बँकेत कर्जखाते एका रात्रीत बुडीत होत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते अनुत्पादक ठरते. परंतु त्याआधीच ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर ते विशेष निरीक्षणाच्या यादीत आलेले असते. डिस्कचेही पुष्कळदा असेच घडते. ठरावीक फाइल उघडताना संगणक अडखळतो. मोठी फाइल नकलताना काम मध्येच थांबते. काल उघडलेली फाइल आज ‘खराब आहे’ असे सांगते. सुरू होताना विंडोज आपणहून डिस्क तपासू लागते. निळा पडदा वारंवार येतो. आणि शेवटचे लक्षण म्हणजे आतून ठरावीक अंतराने येणारा टक्‌-टक्‌ किंवा खरखरीचा आवाज.

अर्थात संगणक मंद झाला म्हणजे डिस्कच गेली, असा निष्कर्ष काढू नये. मेमरी अपुरी असणे, डिस्क काठोकाठ भरणे, व्हायरस, पार्श्वभूमीला चाललेले विंडोजचे अद्ययावतीकरण, सैल झालेली केबल किंवा दुबळा वीजपुरवठा, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. म्हणून अंदाजावर न राहता डिस्कचे खाते-उतारे पाहावेत.

डिस्कचे स्वतःचे खाते

प्रत्येक आधुनिक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेला स्मार्ट असे नाव आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रामने ती नोंद वाचता येते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान आणि लाल म्हणजे वाईट. रंगाइतकेच खालच्या तक्त्यातील चार ओळींकडेही लक्ष द्यावे.

‘०५’ या ओळीत बाद होऊन राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या असते. हे झाले निर्लेखित कर्ज. ‘सी५’ या ओळीत जे सेक्टर धड वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही, त्यांची संख्या असते. ही विशेष निरीक्षणाखालील खाती होत. ‘सी६’ मध्ये डिस्कने स्वतःची तपासणी करताना न वाचता आलेले सेक्टर मोजलेले असतात. या तिन्ही ठिकाणी शून्य असावे. शून्याहून अधिक आकडा असेल आणि आठवड्यागणिक तो वाढत असेल, तर डिस्क बदलण्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा. चौथी ओळ ‘सी७’. येथे आकडा वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलून हा आकडा वाढायचा थांबतो का ते पाहावे, म्हणजे नवी डिस्क घेण्याचा खर्च वाचू शकेल. एक सूचना: या तक्त्यातील कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवलेले असतात, म्हणजे तेथे १० दिसले तर ते १६ समजावेत. मेनूतून दशमान पद्धत निवडता येते.

हे उतारे उपयुक्त आहेत, परंतु ते हमीपत्र नव्हे. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना दिसले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करण्यासारखा आहे. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी इशारा देणाऱ्या चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही काही दाखवले नव्हते. इशारा मिळाला तर तो मानावा. मिळाला नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

पहिला उपचार

लक्षणे दिसताच पहिला नियम असा, की त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. नवे प्रोग्राम टाकू नयेत, डीफ्रॅगमेंट करू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. फॉरमॅटने खराब तबकडी बरी होत नाही.

संगणक चालू असून डिस्क शांतपणे वाचता येत असेल, तर हिशेबाचा प्रोग्राम बंद करून सर्वांत मोलाची माहिती आधी बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. क्रम आपल्याला ठाऊक असावा: प्रथम टॅलीचा डेटा असलेले फोल्डर, मग बिले आणि विवरणपत्रे, मग करार व कागदपत्रे, मग घरचे फोटो. चित्रपट आणि गाणी शेवटी. आग लागलेल्या घरातून माणूस आधी काय उचलतो, तसाच हा विचार आहे.

नक्कल वारंवार अडत असेल तर हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत. अशा वेळी जाणकार मनुष्य संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढतो. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम निरोगी भाग आधी उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो आणि कोठवर काम झाले याची नोंद ठेवतो. पुढची दुरुस्ती मग त्या प्रतिमेवर करायची, मूळ डिस्कवर नाही.

येथे एका प्रचलित उपायाबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. संगणक दुरुस्तीला येणारी मुले पुष्कळदा प्रथम ‘चेकडिस्क’ चालवतात. हा प्रोग्राम फाइलींची मांडणी दुरुस्त करतो, झिजलेली तबकडी नाही. ती मांडणी दुरुस्त करताना तो त्याच डिस्कवर लिहितो आणि खराब सेक्टर शोधण्यासाठी थकलेल्या शीर्षांना संपूर्ण डिस्कभर फिरवतो. माहितीची प्रत हाती येण्यापूर्वी त्याचा प्रयोग करणे म्हणजे हृदयविकाराच्या रुग्णाला तपासणीसाठी जिना चढायला लावणे होय.

टक्‌-टक्‌ आवाज येत असेल तर संगणक तत्काळ बंद करावा. शीर्ष तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला माहिती खरवडली जाते. डिस्क थंड पेटीत ठेवणे, तिच्यावर टिचक्या मारणे किंवा ती घरी उघडून पाहणे, हे उपाय करू नयेत. थंडीने आत दव धरते आणि उघडल्याने धूळ शिरते. अशी डिस्क धूळरहित कक्ष असलेल्या माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेतच द्यावी. देताना तपासणीचे शुल्क, माहिती न मिळाल्यास किती आकारणार आणि गोपनीयतेची हमी, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. हमीकालात डिस्क बदलून मिळते. आतली माहिती त्या हमीत येत नाही.

नव्या संगणकांत येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसल्याने ती धक्के सोसते. परंतु ती बिघडताना आवाज करीत नाही आणि पुष्कळदा पूर्वसूचनेविना एकदम बंद पडते. तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळणेही बहुधा अशक्य असते. वेग हवा म्हणून ती जरूर घ्यावी. सुरक्षित आहे असे समजून घेऊ नये.

एका पेढीचे उदाहरण

माझ्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांकडे ऐन मार्चच्या तोंडावर असाच प्रसंग आला. संगणक आठ-दहा दिवस अडखळत होता. दुरुस्तीवाल्याने रात्रभर तपासणी लावून ठेवली आणि सकाळी डिस्क दिसेनाशी झाली. “बॅकअप रोज घेतो आम्ही,” असे मुनीमजींनी ठामपणे सांगितले. ते खरेही होते. पण तो बॅकअप ‘डी’ ड्राइव्हवर होता. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच डिस्कची दोन दालने आहेत, हे तोपर्यंत पेढीत कोणाला उमगले नव्हते.

पुढचे दोन महिने त्यांनी हिशेब पुन्हा उभा केला. जीएसटीच्या पोर्टलवरून विक्री-खरेदीची विवरणे मिळाली, बँकेचे खाते-उतारे मिळाले. किरकोळ दुकानदारांना दिलेली उधारी मात्र यांपैकी कोठेच पुरती नव्हती. एक म्हातारे गिऱ्हाईक आपली चोपडी घेऊन स्वतः आले आणि म्हणाले, “शेठजी, माझ्या वहीत तुमचे अठरा हजार निघतात, लिहून घ्या.” दुसऱ्या एकाने रक्कम नाकारली आणि वीस वर्षांची येणी-देणी तेथेच थांबली. तो खोटे बोलत होता असेही म्हणता येत नाही. कदाचित त्याला तेवढेच आठवत असेल. हिशेब हरवला की पैशांबरोबर परस्परांवरचा विश्वासही कसोटीला लागतो, आणि ती कसोटी दोन्ही पक्षांवर अन्याय करणारी असते.

कायदा काय म्हणतो?

संगणक बिघडला ही सबब फार काळ चालत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो, की इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत ठेवावी आणि अपघाताने त्या नष्ट झाल्यास वाजवी काळात पुन्हा उभ्या करता याव्यात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना हिशेब ८ आर्थिक वर्षे ठेवावे लागतात, आणि २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक हिशेबांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घेणे त्यांना बंधनकारक आहे.

कायमचा उपाय

जगभर मान्य असलेला साधा नियम ३-२-१ या नावाने ओळखला जातो. माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील १ दुकानाबाहेर असावी. व्यवहारात याचा अर्थ असा: मूळ डेटा संगणकात, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा घरच्या कपाटात. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस मूळ माहितीबरोबर तिलाही कुलूप घालतो. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्या तर अधिक चांगले. क्लाउडवरील फोल्डर आपोआप जुळते राहत असेल तर येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते, म्हणून जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या राहतात याची खात्री करावी. टॅलीच्या डेटाला व्हॉल्टचा पासवर्ड दिला असेल तर तो कुटुंबातील दोघांना ठाऊक असावा. तो विसरल्यास डेटा उघडण्याचा अन्य मार्ग नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे: दर तिमाहीला एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. शेवटचे बिल दिसते का, कालची शिल्लक जुळते का, हे तपासावे. बँकेत रोकड मोजल्याशिवाय दिवस बंद होत नसे. न उघडलेला बॅकअप ही न मोजलेली रोकडच आहे.

जुनी डिस्क भंगारात देतानाही सावध असावे. चालू असेल तर तिच्यावरची माहिती पूर्ण पुसावी, बंद असेल तर तबकड्या निकामी करूनच ती ई-कचऱ्यात द्यावी. तिच्यात आपल्याबरोबर आपल्या गिऱ्हाइकांचेही व्यवहार असतात.

येत्या रविवारी दुकान बंद असताना अर्धा तास काढावा. ‘०५’, ‘सी५’ आणि ‘सी६’ या तीन ओळींतील आकडे तारखेसह एका कागदावर लिहून ठेवावेत आणि बॅकअप नेमका कोणत्या डिस्कवर जातो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पुढच्या महिन्यात तेच आकडे पुन्हा लिहावेत. वाढ दिसली तर काय करायचे, हे आता आपल्याला ठाऊक आहे.