उकिरड्यातले षटकोन

मुलांनो, ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. खतासाठी मात्र बारा वर्षं थांबावं लागत नाही, बरं का! शेण, कुटार, पालापाचोळा खड्ड्यात भरून ओल राखली, की जीवाणू आणि बुरशी कामाला लागतात. काही महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. आता सांगा पाहू, हिरवा पाला आणि पिवळं कुटार शेवटी काळं का पडतं?

कुजताना त्यातून एक गडद पदार्थ बनतो. त्याला ह्यूमस म्हणतात. त्यातूनच ह्युमिक आम्ल निघतं. आमच्या जळगाव जामोदकडे शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ‘ह्युमिक’ आणतात ना, तेच हे. दुकानातलं ह्युमिक बहुधा लिग्नाइट नावाच्या कच्च्या कोळशापासून काढतात. आणि कोळसा तरी काय, लक्षावधी वर्षं जमिनीखाली दबलेली झाडंच की! १७८६ साली जर्मनीत आखार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने दलदलीतल्या कुजक्या थरातून हे आम्ल प्रथम वेगळं केलं. अल्कलीच्या पाण्यात ते विरघळलं आणि तीव्र आम्ल टाकताच काळा साका होऊन तळाशी बसलं.

या काळ्या साक्यात कार्बनचे अणू असतात. त्यांतले काही सहा-सहाच्या कड्यांत बसलेले असतात, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखे. असेच षटकोन तुमच्या पेन्सिलीच्या शिशातही आहेत. शिसं म्हणजे ग्रॅफाइट. त्यात षटकोनांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. १ मिलिमीटर जाडीत सुमारे ३० लाख पापुद्रे! त्यातला एक सुटा पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. २००४ साली मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो सोलून काढला आणि २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. ग्रॅफीनमधून वीज सहज वाहते आणि ते पोलादाहूनही बळकट असतं.

ह्युमिक आम्लात या षटकोनांचे बारीक, तुटके तुकडे असतात आणि त्यांच्या कडांना ऑक्सिजन चिकटलेला असतो. शास्त्रज्ञ ते हवा बंद ठेवून खूप तापवतात. ऑक्सिजन निघून जातो, तुकडे एकमेकांना जुळतात आणि ग्रॅफीनसारखा पदार्थ तयार होतो. तो अस्सल ग्रॅफीन नव्हे, त्यात भोकं आणि मोडक्या कडा राहतात. तरी त्यातून वीज वाहते, म्हणून बॅटरीसारख्या वस्तूंत तो वापरून पाहिला जातोय.

हवा कशाला बंद ठेवायची? कारण हवा मिळाली तर कार्बन जळेल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाईल. हाती उरेल ती नुसती राख. वावरात पऱ्हाटी पेटवली की नेमकं हेच होतं! पऱ्हाटी तशीच उभी ठेवली तर तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून ती काढायला हवीच. पण न पेटवता, यंत्राने बारीक कुट्टी करून तिचंही खत करता येतं.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आपली माती तर आधीच काळी आहे, तिला काय कमी?” इथेच फसगत होते. आपल्या मातीचा काळा रंग बराचसा बेसॉल्ट खडकातून आलेल्या खनिजांचा आणि चिकण मातीचा आहे. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या जिवांचा कार्बन, विदर्भातल्या अनेक वावरांत १ टक्क्याहूनही कमी असतो. आणि पिकाला तोच हवा. गंमत पाहा, ग्रॅफीनसाठी जो ऑक्सिजन हाकलावा लागतो, तोच मातीत पोटॅश, जस्त, लोह धरून ठेवायला मदत करतो. ह्यूमस असलेली माती पाणीही जास्त काळ राखते.

आता एक काम करा. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. ती घरी किंवा शेजारी शोधा, ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना वाचा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या माती तपासणीत तो वाढला की घटला, ते बाबांसोबत बसून पाहा.