जुनं कार्ड, नवं कार्ड

शनिवारी सकाळी मुरूमला फोन लावला, तर आईचा पहिला प्रश्न, "सूनबाईचं कार्ड आलं का रे?"

नाही आलं.

कार्ड म्हणजे ईएडी, अमेरिकेत नोकरी करायचा परवाना. एच-1बी वाल्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल, तर जोडीदाराला ते मिळतं, मे 2015 पासून. माझी बायकोही इंजिनिअर. कार्डाची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरी!

आधी वेळेत अर्ज केला की जुनं कार्ड आपोआप चालू राहायचं. 2022 मध्ये ही सवलत 540 दिवसांपर्यंत नेली होती. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना मात्र ती बहुतेक प्रकारांत बंद झाली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टीम बंद करताना आधी नवी उभी करतो, दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवतो आणि मगच जुनीचा प्लग काढतो. शुक्रवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करून क्लायंटला "नवा येईल कधीतरी" असं सांगून बघा...

गंमत म्हणजे, अमेरिकेला हे जमत नाही असं नाही. 1977 मध्ये तिथे नव्या नमुन्याचं ग्रीन कार्ड आलं. जुनं आय-151 कार्ड बाद झालं ते थेट 20 मार्च 1996 ला! जानेवारी 2023 मध्ये ईएडीचं डिझाईन बदललं, तेव्हाही जुनी कार्डं छापलेल्या तारखेपर्यंत चालली. कार्डाच्या बाबतीत एवढी सबुरी, मग माणसाच्या बाबतीत का नाही?

सरकार म्हणतं, मुदत वाढवण्याआधी माणसाची पुन्हा तपासणी हवी. मान्य, करा. पण नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या 180 दिवस आधीपासूनच करता येतो आणि निकाल कधी लावायचा हे त्यांच्या हातात. उशीर त्यांचा, पगार आमचा!

माझं म्हणणं साधं आहे. निकाल लागेपर्यंत अर्जाची पावती हाच परवाना धरा. तपासणीत कुणी अपात्र ठरला, तर त्याच दिवशी काम बंद करा.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. 1999 मध्ये आपल्याकडे पिवळी, केशरी, पांढरी रेशन कार्डं आली, ते तिला आठवलं. म्हणाली, "नवं हातात पडेस्तोवर जुनं कुणी टाकतंय का?"

असो. टपालपेटी बघून येतो.