अर्धी बॅटरी, पूर्ण घोळ

"अर्धी बॅटरी संपली की मागे फिरायचं" हा आपल्या हॉस्टेलवरचा ड्रोनचा नियम. मित्रांनो, मैदानावर ठीक आहे, तिथे कुठेही उतरवता येतो. समुद्रावर हा नियम साफ चुकीचा!

साधं गणित बघा. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर, वारा ६ मीटर. वाऱ्याबरोबर जाताना १६, परतताना जेमतेम ४. म्हणजे एका मिनिटात कापलेलं अंतर यायला चार मिनिटं! अर्धी कसली, पाचवा हिस्सा संपायच्या आतच फिरायला हवं.

शाळेतले खारे आणि मतलई वारे आठवतात? कोकणात दुपारी वारा समुद्राकडून येतो. ड्रोन जाताना झगडतो, येताना सुसाट. पहाटे मात्र बऱ्याचदा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. आणि आपल्याला शूटिंग हवं पहाटेचंच! त्यात 'रिटर्न टू होम' लागलं की बरेच ड्रोन आधी वर चढतात, जिथे वारा सहसा आणखी जोरात असतो.

माझ्या मते टक्क्यांआधी वारा बघावा. ड्रोन वर नेऊन मिनिटभर जागेवर थांबवा, कुठल्या बाजूला किती झुकतोय ते पाहा. मतलई असेल तर मी तरी किनाऱ्यालगतच उडवणार, कोणी कितीही चिडवलं तरी.