मुक्या घंटांविषयीं

जुन्या ख्रिस्तमंदिराची घंटा नादुरुस्त झाली कीं मंडळींत दोन मतें निघतात. दुरुस्तीचा खर्च कशाला, घंटानादाचें मुद्रण ध्वनिक्षेपकावर लाविलें म्हणजे काम भागलें, असें एक. घंटेस रंग देऊन ती शोभेला टांगलेली राहूं द्यावी, असें दुसरें. आम्हांस दोन्ही मान्य नाहींत. त्याचें कारण आपल्या नाशिकांतच, गोदातीरीं टांगलेलें आहे.

नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहिली नाहीं असा विद्यार्थी येथें विरळा. परंतु ती मूळची ख्रिस्तमंदिराची, हें किती जणांस ठाऊक आहे? १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील घंटा विजयचिन्हें म्हणून मराठी मुलुखांत आल्या. एक भीमाशंकरास गेली, एक वाईजवळ मेणवलीस गेली, आणि सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४७ सालीं बांधिलेल्या रामेश्वराच्या देवळास एक लाभली. ती परत मागावी, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. पाणी घंटेला लागलें म्हणजे महापूर, असें जें गांव पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून मोजीत आलें, त्या गांवाची ती झाली. ती कामाची राहिली म्हणून लोकांच्या तोंडीं राहिली.

नाशिकचा घंटेशीं आणखी एक संबंध आहे, तो मात्र दूरचा. विल्यम साल्टर प्राइस यांनीं वसविलेल्या शरणपुरांत गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शिकलीं. त्यांतील पुष्कळ जण पुढें मोंबासाजवळ १८७५ सालीं स्थापिलेल्या फ्रेअर टाऊन या वसाहतींत गेले. गुलामांचे व्यापारी येत आहेत अशी सूचना मिळावी म्हणून तेथें घंटा उभारिली होती. त्या जागेस आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिली भाषेंत केंगेले म्हणजे घंटा. ध्वनिक्षेपकावरून एखाद्या जागेस नांव पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!

आतां दुरुस्तीविषयीं. घंटेचें कांसें म्हणजे सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील. कथिलामुळें नाद येतो आणि त्यामुळेंच धातु ठिसूळ होते. तडा गेलेली घंटा खोट्या नाण्यासारखी बद्द वाजते, व सामान्य डाक लावून ती सुधारत नाहीं. तें जाणत्याचेंच काम. रंगाच्या थरांनीं नाद दबतो, म्हणून शोभेचा पक्ष घंटेचा मित्र नव्हे. परंतु बहुधा दोष घंटेंत नसतोच. लोळा झिजलेला असतो, तुळई कुजलेली असते, किंवा कणा गंजलेला असतो. लोळ्याच्या आघातानें एकच जागा झिजली असेल तर घंटा पाव वळसा फिरवून टांगितात, म्हणजे आघात नव्या जागीं बसतो. एवढें पाहिल्यावांचून घंटा निकामी ठरवूं नये.

पैसा जमवितां येईल. दोर ओढणारा हात मिळणें अधिक अवघड. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या मंडळीची घंटा दुरुस्त होईल तेथील वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं दर रविवारीं आळीपाळीनें दोर धरावा, आणि आईबापांनीं त्या दिवशीं त्यांस अर्धा तास लवकर उठवावें.